हँडब्रेक सारखा वर येतोय? केबल आवळण्याआधी मागचा ड्रम उघडा

हँडब्रेक पूर्वी पाचव्या दात्याला (लिव्हर ओढताना येणाऱ्या पाचव्या ‘कट्’ आवाजाला) धरायचा, आता नवव्या-दहाव्याला जातो. केबल आवळली की तीन-चार आठवडे बरे जातात, मग लिव्हर पुन्हा वर. सोबत ब्रेकचे पेडलही पहिल्या दाबाला जरा जास्तच खाली जाते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले की वरच लागते. मागे ड्रम ब्रेक असलेल्या छोट्या गाड्यांत ही तक्रार इतकी नेहमीची आहे की पुष्कळजण ती गाडीच्या वयावर ढकलतात. वयाचा तिच्याशी फारसा संबंध नाही. बहुतेक वेळा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) झिजत गेलेले असतात आणि झीज भरून काढायला त्यांच्या मागोमाग फिरायला हवा तो ॲडजस्टर फिरलेला नसतो. केबल आवळून ते अंतर झाकले जाते, भरत नाही. शिवाय आवळलेली केबल ॲडजस्टरला पुढे कामच करू देत नाही.

आत काय होते ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढची कामे आपोआप जागेवर बसतील. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. वरच्या बाजूला व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन त्यांना बाहेर ढकलतात, खाली दोघे एका पक्क्या टेकूवर टेकलेले असतात, आणि पेडल सोडले की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. दोन्ही शूंच्या मध्ये एक आडवा दांडा असतो. त्याच्यावर दातेरी चाक आणि आटे असतात, तोच ॲडजस्टर. शू ठरावीक अंतरापेक्षा जास्त बाहेर गेले की एक छोटी पट्टी त्या चाकाचा एक दाता पुढे सरकवते, दांडा किंचित लांब होतो आणि शू पुन्हा ड्रमच्या जवळ येऊन थांबतात. यासाठी दांडा आणि शू यांच्यात क्षणभर मोकळीक मिळावी लागते. हँडब्रेकची केबल ताठ असेल, तर मागच्या शूवरचा हँडब्रेकचा हात (केबल जोडलेला लोखंडी तुकडा) त्या दांड्याला सतत रेटून धरतो. मोकळीक मिळत नाही, पट्टी दात्यावर पडत नाही, चाक फिरत नाही. शू झिजत राहतात आणि लिव्हर पुन्हा वर येते.

अंतर थोडे दिसते, पण पेडलवर त्याचा परिणाम मोठा असतो. उदाहरणादाखल, व्हील सिलिंडरचा व्यास १८ मिमी आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) २० मिमी धरा. मागच्या चारही पिस्टनना प्रत्येकी १ मिमी जास्त सरकावे लागले तर मास्टर सिलिंडरला सव्वातीन मिमी जास्त चालावे लागते. पेडलचे गुणोत्तर चारास एक असेल तर पायाखाली ते १३ मिमी होतात. ब्रेकमध्ये हवा नसताना, गळती नसताना पेडल खोल का जाते याचे उत्तर या हिशेबात आहे.

ड्रम न उघडता करायची तपासणी

इंजिन चालू ठेवून पेडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा वर आणि कडक लागले तर शूचे अंतर वाढले आहे. दोन्ही वेळा स्पंजासारखे लागले तर हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेले तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. अशा वेळी आधी ते दुरुस्त करा, गाडी चालवू नका.

यानंतरची चाचणी आणखी नेमकी आहे. सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक तीन-चार दाते ओढून ठेवा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक सोडलेला असताना खोल जाणारे पेडल आता वर लागले, तर दोष मागच्या शूंच्या अंतरात आहे हे नक्की समजा. पुढच्या ब्रेक पॅडवर खर्च करण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी करून बघा.

थोडे फिरून आल्यावर मागच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर तिकडचा शू ओढतोय. तिथे केबल म्यानात (तिच्यावरच्या नळीत) अडकलेली, स्प्रिंग गेलेली किंवा पिस्टन जाम झालेला सापडेल. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला मागून खरखर येऊन नंतर थांबत असेल तर ती ड्रमवर रात्रीत आलेली गंजाची पातळ साय आहे, काळजीचे कारण नाही.

ड्रम काढताना

सपाट, कडक जमीन हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, मग जॅक लावा आणि गाडी स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. हँडब्रेक पूर्ण सोडा. सोडणे एवढेच पुरत नाही, लिव्हरच्या खाली किंवा गाडीच्या पोटाखाली जिथे केबलचा ॲडजस्टिंग नट असेल तिथे तो बराच सैल करा. पुढची निम्मी भांडणे याने वाचतात.

ड्रम हातानेच फिरतो पण निघत नाही, असे झाले तर ड्रमच्या आतल्या काठावर झिजून उरलेली कड शूंना अडवते आहे. बॅक प्लेटच्या (शू जिच्यावर बसवलेले असतात त्या पक्क्या तबकडीच्या) मागे रबरी बूच असते. ते काढून पातळ स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरची पट्टी चाकावरून उचलून धरा आणि दुसऱ्याने दातेरी चाक मागे फिरवा. पट्टी न उचलता चाक उलटे फिरवायला गेलात तर दातेच घासून निघतील. ड्रम हबला (चाक बसते त्या मधल्या भागाला) गंजून चिकटला असेल तर त्याच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोके बघा, बऱ्याच गाड्यांत ती ८ मिमीच्या बोल्टची असतात. दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलात की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडी वापरायचीच असेल तर स्टडांच्या (चाकाचे नट बसतात त्या खुंट्यांच्या) मधल्या सपाट भागावर हलके ठोके द्या. काठावर मारलेला ठोका बिडाला तडा देतो किंवा बॅक प्लेट वाकवतो, आणि वाकलेली प्लेट पुढे शू तिरपे झिजवत राहते. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात, तिथे मधला मोठा नट काढावा लागतो. हा नट बहुतेक वेळा पुन्हा वापरायचा नसतो आणि त्याचा टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच द्यावा लागतो.

आतली भुकटी फुंकायची नाही, हवेच्या पाईपाने उडवायची तर अजिबातच नाही. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि नव्यांची बारीक धूळही फुप्फुसाला घातकच. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओले करून, कापडाने टिपून घ्या. मास्क लावा.

उघडल्यावर काय बघायचे

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू तुमचा नकाशा आहे. तरीही खोलण्याआधी मोबाईलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढून ठेवा, कारण स्प्रिंगांचे आकडे कुठल्या भोकात, पुढून की मागून, हे अर्ध्या तासात विसरायला होते.

लायनरची जाडी सर्वात पातळ जागी मोजा, लोखंडी पाठ सोडून. चिकटवलेल्या लायनरसाठी १ मिमी ही मर्यादा बऱ्याच गाड्यांना दिलेली असते. पण ड्रम उघडलाच आहे आणि २ मिमी उरले आहे, तर बदलून टाकणे शहाणपणाचे. रिव्हेट असलेल्या लायनरमध्ये पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत किती उरले ते बघा. रिव्हेट घासायला लागला की ड्रममध्ये खाच पडते, आणि मग ड्रमही जातो.

पुढचा शू मागच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसेल. ते बरोबर आहे. गाडी पुढे जाताना ड्रम त्या शूला स्वतःसोबत ओढून घेतो, म्हणून त्याच्यावर जास्त काम पडते. पण लायनर एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असेल तर शू वाकलेला आहे, प्लेट वाकलेली आहे किंवा ड्रम तोंडाकडे फाकलेला आहे. लायनर आरशासारखा चमकत असेल तर तो जास्त तापून गुळगुळीत झाला आहे. असा शू धरत नाही आणि किंचाळतो. खालच्या भागावर काळा ओला डाग असेल तर तो कशाचा आहे हे ठरवल्याशिवाय नवे शू लावू नका. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून धुऊन जाते. एक्सलचे तेल किंवा ग्रीस पाण्यावर तरंगते. पहिल्याचा उगम व्हील सिलिंडर, दुसऱ्याचा हबचा किंवा एक्सलचा सील. तेल प्यायलेला लायनर कितीही धुतला तरी गरम झाला की पुन्हा तेल सोडतो. तो टाकायचा, आणि दोन्ही बाजूंचे चारही शू एकत्र बदलायचे. एका बाजूला जुने आणि एका बाजूला नवे ठेवले तर गाडी ब्रेकला एकीकडे खेचते.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी बोटाने हळूच मागे सारा. आत किंचित ओलसरपणा चालतो. थेंब बाहेर आला किंवा टोपीत ऑईल साचलेले दिसले तर सिलिंडर बदला. दोन्ही पिस्टन अंगठ्याने आळीपाळीने दाबून बघा, दोघेही सारख्या जोराने सरकायला हवेत. एक हटून बसला असेल तर त्या बाजूचा शू कामच करत नव्हता. हे करताना ऑईल वरच्या ब्रेक ऑईलच्या डबीत मागे जाते, म्हणून डबी काठोकाठ भरलेली नाही हे आधी बघा. ड्रम काढलेला असताना ब्रेक पेडल कोणालाही दाबू देऊ नका. पिस्टन बाहेर उडतील.

ॲडजस्टर, म्हणजे मूळ दोष

ॲडजस्टर काढून उजेडात धरा. दातेरी चाकाचे दाते एका बाजूने तुकतुकीत आणि टोकाशी गोल झालेले दिसतील तर पट्टी त्यांच्यावरून घसरत होती. पट्टीचे टोकही बघा. धारदार कोपऱ्याऐवजी तिथे गोलाई आली असेल तर फक्त चाक बदलून भागणार नाही, जोडी बदलावी लागेल. मग आटे. दोन्ही तुकडे बोटांनी उघडून पूर्ण लांबीभर फिरवून बघा. कुठेही पान्याची गरज लागली तर पट्टीच्या हलक्या धक्क्याने ते कधीच फिरणार नव्हते. गंज तारेच्या ब्रशने काढा, सुकवा, जास्त तापमानाच्या ग्रीसचा पुसट थर द्या आणि पुन्हा फिरवा. पेचाच्या टोकापर्यंत अडथळा न येता गेला पाहिजे.

डावा आणि उजवा ॲडजस्टर बहुतेक गाड्यांत वेगळे असतात. एकाचे आटे उजवे, दुसऱ्याचे डावे. अदलाबदल झाली तर पट्टी प्रत्येक वेळी चाक फिरवेल खरी, पण दांडा लांब होण्याऐवजी आखूड होईल. शू बदलल्यावर थोड्याच दिवसांत पेडल पूर्वीपेक्षा खोल गेले, तर पहिला संशय याच चुकीवर घ्या. सुट्या भागांवर बारीक कोरलेली खूण असते, ती वाचून घ्या. काही गाड्यांत चाकाऐवजी दातेरी पाचर किंवा दातेरी पट्टी असते. तिथेही दात्यांची झीज आणि पाचरेच्या स्प्रिंगचा ताण हेच बघायचे.

आता केबल. केबल सैल असताना मागच्या शूवरचा हँडब्रेकचा हात शूच्या काठावरच्या थांब्याला पूर्ण टेकलेला हवा. मध्ये फट असेल तर केबल म्यानात अडकलेली आहे. केबलचे टोक पक्कडीने ओढून सोडा, ती स्प्रिंगच्या जोराने एका झटक्यात मागे जायला हवी. रेंगाळली तर म्यानाच्या तोंडातून पाणी शिरून आत गंज धरला आहे. तेल सोडून चार दिवस चालते आणि पुन्हा अडकते, म्हणून केबलच बदला. या एका फटीमुळे ॲडजस्टर थांबतो, आणि लोक त्यावर इलाज म्हणून केबल आणखी आवळतात. दोष वाढवणारे काम म्हणजे तेच.

स्प्रिंगा दिसायला धड असल्या तरी फसवतात. वेढे एकमेकांना चिकटलेले नसतील, मधून उजेड दिसत असेल, आकडा उघडला असेल किंवा रंग तापून उडाला असेल तर पूर्ण संच बदला. शू काढणे हे वारंवार करायचे काम नाही, स्प्रिंगांसाठी पुन्हा उघडण्यापेक्षा आत्ताच घातलेल्या बऱ्या.

बॅक प्लेटवर शू जिथे टेकतात अशा सहा छोट्या उंचवट्यांकडे सहसा कोणी बघत नाही. शूच्या कडेने तिथे खाच पडते, शू त्या खाचेत अडकतो आणि पेडल सोडल्यावर पूर्ण मागे येत नाही. नखाने चाचपून बघा. नख अडकले तर कानसेने कड सपाट करा. खाच खोल असेल तर प्लेट बदलणेच योग्य.

ड्रमचा आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. कमाल व्यास ड्रमवरच ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो. छोट्या गाड्यांतले १८० आणि २०० मिमीचे ड्रम साधारण मूळ मापापेक्षा १ ते २ मिमी वाढेपर्यंतच चालतात, पण शेवटचा शब्द ड्रमवरच्या आकड्याचा. तडा, निळसर तापलेले ठिपके किंवा बोटाला लागणारे खोल चर असतील तर ड्रम बदला किंवा मर्यादेत बसत असेल तर दोन्ही बाजूंचे सारखे खरादवून घ्या. ड्रम ठीक असेल तर ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आतली चकाकी मोडा आणि क्लीनरने पुसा.

जोडणी

जुन्या मागच्या शूवरचा हँडब्रेकचा हात नव्या शूवर चढवताना त्याची क्लिप नवीन वापरा. एकदा उघडलेली क्लिप पुन्हा तितकी घट्ट बसत नाही. हात बोटाने सहज हलला पाहिजे, पण डुगडुगायला नको. बॅक प्लेटवरच्या सहाही उंचवट्यांवर आणि खालच्या टेकूवर मसुराच्या दाण्याएवढेच ग्रीस पसरवा. ब्रेकसाठीचे सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस चालते. साधे खनिज ग्रीस व्हील सिलिंडरच्या रबराला लागले तर रबर फुगते, म्हणून तिकडे बोटही नेऊ नका. लायनरला बोटे लागली तर पॉलिश पेपरने हलके घासून क्लीनरने पुसा.

ॲडजस्टर सर्वात आखूड करून बसवा, शू पिनांनी धरा, मग स्प्रिंगा. पक्कड निसटली की स्प्रिंगचा आकडा सरळ चेहऱ्याकडे येतो, चष्मा घालूनच करा. सगळे बसल्यावर दोन्ही शू हाताने हलवून मध्यावर आणा, व्हील सिलिंडरच्या टोप्या शूखाली चिमटल्या नाहीत हे बघा, आणि फोटोशी ताडून पाहा.

आता हाताने अंतर लावायचे. ड्रमचा आतला व्यास व्हर्निअरने घ्या आणि शूंचा बाहेरचा व्यास त्याहून साधारण अर्धा मिमी कमी येईपर्यंत दातेरी चाक फिरवा. ड्रम चढवा. तो फिरवताना आतून हलकी कुजबुज ऐकू आली तर अंतर बरोबर. घट्ट फिरला तर एक-दोन दाते मागे घ्या. दुसऱ्या बाजूचेही तसेच करा. नवे शू आहेत म्हणून आपोआप जुळतील, असे समजून ही पायरी सोडणारे पुष्कळ. ॲडजस्टर एका वेळी एकच दाता सरकतो, चार-पाच मिमीची दरी त्याच्या भरवशावर सोडायची नसते.

दोन्ही ड्रम चढले की पेडल १५ ते २० वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. दुसऱ्या माणसाने चाकाजवळ कान द्यावा. प्रत्येक सोडण्याला आतून ‘टक’ असा बारीक आवाज येतो, तो हळूहळू थांबतो. थांबला की अंतर भरले. काही गाड्यांत ॲडजस्टर हँडब्रेक ओढल्यावर किंवा मागे जाताना ब्रेक लावल्यावर चालतो, तिथे तसे करा. एका बाजूने आवाज आलाच नाही तर तो ड्रम पुन्हा उघडा.

केबल सगळ्यात शेवटी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दात्यांवर हँडब्रेक लागेल एवढाच नट आवळा, बहुतेक गाड्यांत हे चार ते सात किंवा सहा ते नऊच्या आसपास असते. पहिल्या दात्याला दोन्ही चाके पूर्ण मोकळी फिरायला हवीत. पहिल्याच दात्याला घासली तर केबल जास्त आवळली आहे आणि आधीचा दोष पुन्हा बसवला आहे.

सिलिंडर बदलला असेल तर ब्रेकच्या पाईपांत शिरलेली हवा काढा. ब्रेक ऑईल डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचे, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात मिसळायचे नाही. ऑईल रंगावर सांडले तर लगेच पाणी ओता. चाकाचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने आवळा, छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, आणि थोडे चालवल्यावर पुन्हा तपासा.

पहिले काही किलोमीटर ताशी ४० ते ५० च्या वेगावरून हलक्या ब्रेकने आठ-दहा वेळा गाडी हळू करा, मध्ये थंड होऊ द्या. नव्या शूंवर जोरात ब्रेक मारला तर लायनर चमकतो. त्याच वेळी गाडी उभी करून गरम ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, थंड होताना ड्रम आकसतो आणि शू चिकटतात.

५०० किलोमीटरनंतर हँडब्रेकचे दाते मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा एक-दोन जास्त असेल तर लायनर बसले, एवढेच. तीन-चारने वाढला असेल तर केबलच्या नटाला पाना लावायच्या आधी ज्या बाजूचा ‘टक’ कमी ऐकू येतो तिकडचे रबरी बूच काढून दातेरी चाक पातळ स्क्रू ड्रायव्हरने सहज फिरते का ते बघा.